यादी करणारा कादंबरीकार

दक्षिण फ्रान्समध्ये ओद नदीच्या काठी एका टेकडीवर कारकासॉन नावाचा कोट उभा आहे. कोट म्हणजे नुसता किल्ला नव्हे. आत गल्ल्या, घरे, विहिरी, जुने चर्च असे नांदते गाव आणि त्याभोवती एक सोडून दोन तटबंद्या. दोन्ही मिळून तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात जाते, आणि त्यावर ५२ बुरूज आहेत. १९९७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. तिथे कधी न गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनाही हे नाव ठाऊक असते, कारण त्या नावाचा पटावरचा एक खेळ निघाला आहे.

हा कोट १८५० च्या सुमारास दगडाच्या भावाने जायचा होता. तो गेला नाही, याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत एक नाव वाचून पुष्कळांना नवल वाटेल. ते नाव प्रॉस्पेर मेरिमे. 'कार्मेन' ही ज्याची कथा, तोच. बिझेच्या संगीतिकेमुळे कार्मेन जगभर गेली आणि मेरिमे मागे राहिला. पण या माणसाने आयुष्याची सव्वीस वर्षे सरकारी नोकरीत काढली. गावोगाव हिंडून जुन्या इमारती तपासायच्या, टिपणे काढायची आणि पॅरिसला रिपोर्ट पाठवायचा, अशी ती नोकरी. कथा-कादंबऱ्या तो त्यातून वेळ मिळेल तशा लिही. बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी जवळीक वाटली तर त्यात वावगे काही नाही.

मेरिमे जन्मला पॅरिसमध्ये, २८ सप्टेंबर १८०३ रोजी. एकुलता एक. बाप लेओनोर चित्रकार; रंगांच्या रसायनाचा त्याचा अभ्यास दांडगा होता. आईही चित्रकलेतली. घरात सुबत्ता फार नव्हती, पण वातावरण होते. मुलगा कायदा शिकला, मात्र वकिलीच्या वाटेला गेला नाही. स्तांदालसारखा वडीलधारा मित्र त्याला विशीतच मिळाला आणि त्याची पावले साहित्याकडे वळली.

त्याची सुरुवातच एका लबाडीने झाली, आणि ही लबाडी पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८२५ साली त्याने काही नाटके छापली, ती क्लारा गाझुल नावाच्या एका स्पॅनिश नटीची म्हणून. अशी नटी कुठेच नव्हती. १८२७ साली त्याने बाल्कन प्रदेशातल्या लोकगीतांचा संग्रह अनुवाद म्हणून प्रसिद्ध केला. मूळ गीतेच नव्हती. सगळी याच्या डोक्यातली. मौज अशी की थोर रशियन कवी पुश्किन त्याला फसला आणि त्याने त्यातली कित्येक गीते खरी समजून रशियनमध्ये आणली. ज्याला बनावट जुने इतके हुबेहूब करता येत होते, त्याच्याच हाती पुढे खऱ्या जुन्याची पारख सोपवली गेली.

त्या काळच्या फ्रान्सची अवस्था समजल्याशिवाय या नोकरीचा अर्थ लागणार नाही. १७८९ च्या क्रांतीनंतर चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली आणि लिलावात निघाली. घेणाऱ्यांनी मठांची गोदामे केली, तबेले केले, नाहीतर सरळ पाडून दगड विकला. क्लुनीचा मठ म्हणजे एके काळी अख्ख्या ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च. तो वीस-पंचवीस वर्षे खाणीसारखा उपसला गेला. व्हिक्टर ह्यूगोने याविरुद्ध लेखणी उचलली, आणि १८३१ साली आलेल्या त्याच्या नोत्र-दामच्या कादंबरीने सुशिक्षितांना जागे केले. सरकारही हलले. १८३० साली गिझो या मंत्र्याने ऐतिहासिक वास्तूंसाठी एक महानिरीक्षक नेमण्याची योजना राजाकडून मंजूर करून घेतली. पहिला निरीक्षक लुदोव्हिक व्हिते. तो राजकारणात वर गेला, तेव्हा १८३४ च्या मे महिन्यात तिएर या मंत्र्याने ती जागा तीस वर्षांच्या मेरिमेला दिली. तोवर मेरिमे निरनिराळ्या मंत्रालयांत कारकुनी-सचिवकी करत होता. वास्तुशास्त्र त्याला येत नव्हते. ते तो हिंडता हिंडता शिकला.

दोन-तीन महिन्यांतच तो पहिल्या दौऱ्यावर निघाला. तेव्हा त्या भागात रेल्वे नव्हती. घोड्यांच्या टपालगाडीने दिवसेंदिवस धक्के खात जायचे, ढेकणांनी भरलेल्या खाणावळीत झोपायचे आणि सकाळी कुठल्या तरी गळक्या चर्चच्या छपरावर चढायचे. बर्गंडीतल्या वेझलेला पोचला तर तिथले अप्रतिम चर्च कोसळायच्या बेतात. आव्हिन्याँला पोपचा राजवाडा लष्कराने बराक म्हणून वापरायला घेतलेला. भिंतींवरच्या जुन्या चित्रांतली डोकी कापून विकण्याचा धंदा तिथल्या सैनिकांत चाललेला. पाद्री चुन्याचे हात मारून भित्तिचित्रे झाकत होते, नगरपालिकांना रस्ते रुंद करायचे होते, लष्कराच्या इंजिनिअरांना भिंती सरळ हव्या होत्या. कुणीच दुष्ट नव्हते. प्रत्येकाला आपापले काम होते, एवढेच.

आणि यांच्यापुढे मेरिमेच्या हातात काय होते? कायदा नव्हता. ऐतिहासिक वास्तूंचे रक्षण करणारा पहिला कायदा फ्रान्समध्ये १८८७ साली झाला. तेव्हा मेरिमे जाऊन सतरा वर्षे लोटली होती. अमुक इमारत पाडू नका, असा हुकूम सोडण्याचा त्याला अधिकार नव्हता. अधिकार होता तो रिपोर्ट लिहिण्याचा.

इथे थोडे स्वतःचे सांगतो. बँकेत असताना काही वर्षे मी इन्स्पेक्शनला होतो. शाखा तपासायची, शेरे मारायचे आणि निघायचे. अंमलबजावणी दुसऱ्यांनी करायची. शेऱ्यात काय ताकद असते हे त्या नोकरीत कळते, आणि ती ताकद कुठल्या दिशेने जाईल याचा भरवसा नसतो हेही कळते. कृष्णाकाठच्या एका जुन्या गावात आमची शाखा एका वाड्यात होती. सागवानी खांब, कोरीव हस्त, चौकात तुळशीवृंदावन. पहिल्या दिवशी मी ते सगळे डोळे भरून पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्टात जागा जुनी, अपुरी आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य असल्याचा शेरा मारला. तो खोटा नव्हता. शाखा हलली, भाडे बंद झाले, आणि पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वाड्याच्या जागी तीन मजली सिमेंटची इमारत उभी होती. खाली मोबाइलचे दुकान. माझ्याच शेऱ्याने वाडा पडला असे मी म्हणत नाही. पण मेरिमेविषयी वाचताना तो वाडा डोळ्यांपुढून हलत नाही.

मेरिमेने आणि १८३७ साली नेमलेल्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने जी युक्ती काढली, ती बँकवाल्याला चटकन समजते. जिथे हुकूम चालत नाही तिथे पैसा चालतो. आयोगाने वास्तूंची यादी करायला घेतली. १८४० साली निघालेल्या पहिल्या यादीत हजाराच्या आसपास नावे होती, आणि तिचे स्वरूपच मुळी ज्यांच्यासाठी मदत मागितली गेली आहे अशा वास्तूंची यादी असे होते. यादीत आलात तर अनुदान मिळेल. अनुदान घेतलेत तर काम आमच्या पसंतीच्या वास्तुरचनाकाराकडून आणि आमच्या देखरेखीखाली होईल. कर्जाच्या मंजुरीपत्रात अटी घालतात, तोच प्रकार. पैसा तुटपुंजा होता, त्यामुळे कुणाला आधी द्यायचे याचे वाद सतत चालत. मेरिमेचे अर्धे कसब त्या वादांत खर्च होई. एखाद्या महापौराला शरम वाटेल, मंत्र्याला कंटाळा येणार नाही आणि हिशेबनिसाला हरकत घेता येणार नाही, असा रिपोर्ट लिहायला गोष्ट सांगण्याची हातोटी लागते. ती त्याच्याकडे होती.

पैशाची मात्रा चालली नाही अशीही उदाहरणे आहेत. १८४१ साली बुसाक या लहानशा गावातल्या गढीत त्याला काही जुने भिंतपडदे दिसले. गढीत सरकारी कचेरी, भिंतींना ओल, पडद्यांना उंदीर लागलेले. आणखीही पडदे पूर्वी होते, ते कापून गाड्यांवर घालायला वापरले, असे त्याला तिथे कळले. उरलेले सरकारने विकत घ्यावेत म्हणून त्याने पॅरिसला लिहिले. सरकारने ते घेतले खरे, पण १८८२ साली, एक्केचाळीस वर्षांनी. आज पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात ज्यांच्यापुढे माणसे तासन्‌तास बसून राहतात, ते एकशिंगी घोडा आणि तरुणी यांचे सहा पडदे म्हणजे हेच.

नोकरीने त्याला साहित्यही दिले. १८३४ च्या दौऱ्यात तो पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी फिरला, आणि १८३७ साली त्याने एक भयकथा लिहिली: जमिनीतून निघालेली ब्राँझची व्हीनस आणि ती पाहायला आलेला पॅरिसचा पुरातत्त्वज्ञ. १८३९ साली कॉर्सिका बेटाची पाहणी केली; पुढच्या वर्षी एकीकडे सरकारी टिपणे छापली आणि दुसरीकडे 'कोलोंबा' ही सूडाची कादंबरिका. 'कार्मेन' आली १८४५ मध्ये, आणि तिचा निवेदकही जुन्या रणभूमीचा शोध घेत निघालेला विद्वानच आहे. मेरिमेची भाषा कोरडी, नेमकी, रिपोर्टासारखी. भावनेचा उमाळा त्याला सोसत नसे. टीकाकार याला त्याचा स्वभाव म्हणतात. मला त्यात फाइलींचाही हात दिसतो.

आता कारकासॉन. १६५९ च्या तहानंतर स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि या कोटाचे लष्करी महत्त्व ओसरले. व्यापार आधीच नदीपलीकडच्या खालच्या शहरात गेला होता. वर टेकडीवर राहिली ती गरीब माणसे, विणकर, मजूर. दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी तटालाच टेकून घरे बांधली. ढासळलेल्या बुरुजांचा दगड कंत्राटदार नेत. तट युद्ध मंत्रालयाचे, चर्च धर्मखात्याचे, वास्तूंचा आयोग गृहखात्याचा. एकाच टेकडीवर तीन खात्यांची फाइल. मग काय होते ते वाचकांना सांगायला नको.

१८४९-५० च्या सुमारास सरकारने ठरवले की हा कोट लष्करी ठाण्यांच्या यादीतून वगळावा आणि तटबंदी पाडू द्यावी. तेव्हा गावातून विरोध उठला. त्याच्या पुढे होता झाँ-पिएर क्रो-मेरव्हिए हा स्थानिक इतिहासकार. कारकासॉनसाठी तो कित्येक वर्षे झगडत होता. त्यानेच १८३९ साली आतल्या चर्चमध्ये तेराव्या शतकातल्या एका बिशपची विस्मरणात गेलेली समाधी शोधून काढली होती. पॅरिसमध्ये त्याला मेरिमे मिळाला. खाली चिकाटीचा स्थानिक माणूस आणि वर दार उघडून देणारा अधिकारी, अशी जोडी जमली की सरकार कधी कधी माघार घेते. इथे तसे झाले. पाडकाम थांबले, आणि १८५३ पासून व्हिओले-ल-द्युकच्या हाताखाली तटांची दुरुस्ती सुरू झाली.

हा व्हिओले-ल-द्युक मेरिमेनेच पुढे आणलेला. १८४० साली वेझलेचे कोसळते चर्च सावरायला कुणी तयार होईना, तेव्हा सव्वीस वर्षांच्या या पोराच्या हाती ते देण्याचे धाडस झाले. त्याने चर्च वाचवले. पण त्याची दुरुस्ती म्हणजे नुसते सावरणे नसे. वास्तू जशी असायला हवी होती तशी ती पुरी करण्याची त्याला हौस. मेरिमेचा कल वेगळा, निदान कागदावर. जे आहे ते टिकवा, पदरचे घालू नका, असे त्याचे धोरण. १८४९ साली दोघांनी मिळून धर्मखात्याच्या इमारतींच्या जतनाच्या ज्या सूचना लिहिल्या, त्याही सावध आहेत. कारकासॉनच्या बुरुजांवर मात्र स्लेटच्या पाट्यांची उंच टोकदार छपरे चढली. दक्षिणेत छपरे बसकी आणि कौलारू असतात. ही उत्तरेची टोपी इथे कशी, म्हणून तेव्हापासून आजवर वाद आहे. मला वाटते, बाल्कन लोकगीते रचणाऱ्या मेरिमेला त्या टोप्या पाहून एकदा तरी हसू आले असेल.

छपरांपेक्षा मला तटामधल्या त्या घरांचे जास्त वाटते. तट मोकळे दिसावेत म्हणून ती एकेक करून घेतली गेली आणि पाडली गेली. त्या वस्तीला वास्तूंच्या यादीत जागा नव्हती. यादीत तट होता, बुरूज होता, चर्च होते. तटाच्या उबेला दोन शतके राहिलेला विणकर हा तटाला चिकटलेला कचरा, अशीच त्या काळची समजूत होती. ती एकट्या मेरिमेची नव्हे, पण त्याचीही होती. पॅरिसचा हा विद्वान गावच्या लोकांकडे जरा वरूनच पाही. त्याची पत्रे त्याची साक्ष देतात. आज कोटाच्या आत कायम राहणारी माणसे मूठभर उरली आहेत. बाकी हॉटेले आणि लाकडी तलवारी विकणारी दुकाने.

कायद्याला हे उमगायला शंभर वर्षे लागली. १८८७ च्या कायद्यात खासगी मालकाची संमती लागे. १९१३ च्या कायद्याने ती अट काढली. १९४३ मध्ये वास्तूभोवतीच्या ५०० मीटरपर्यंतच्या परिसरावर नियंत्रण आले. आणि १९६२ साली आँद्रे मालरो या सांस्कृतिक मंत्र्याने असा कायदा आणला की एखादा सुटा राजवाडा नव्हे, तर जुन्या गावाचा सबंध भाग, साध्या घरांसकट, राखीव ठरवता येईल. पॅरिसचे मारे आणि सार्लासारखी गावे त्याने वाचली. मालरोही कादंबरीकार, हा योगायोग सोडून द्या. त्या कायद्यानेही घरे वाचली, पण डागडुजीनंतर भाडी वाढून कित्येक ठिकाणी जुने रहिवासी गेलेच.

आपल्याकडे कर्झनने १९०४ चा कायदा आणला, १९५८ चा केंद्रीय कायदा त्याच वळणावर गेला, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी पक्की केली. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या पडक्या वाड्यांतल्या माणसांना विचारा. घर दुरुस्त करायला परवानगीचे हेलपाटे, नवे बांधायला बंदी. मुंबईने १९९५ मध्ये शहराच्या विकास नियमांतच वारसा इमारती आणि परिसर आणले, ते मात्र या देशात पहिल्यांदाच. तिथेही भाडेकरूच्या डोक्यावरचे गळके छप्पर कुणी बदलायचे, हा प्रश्न यादीने सुटलेला नाही.

मेरिमेचे उरलेले आयुष्य त्याच्या कथांपेक्षा कमी चमत्कारिक नाही. १८३० साली स्पेनमध्ये मोंतिहो नावाच्या सरदार घराण्याशी त्याचा स्नेह जुळला. कार्मेनच्या कथेचे बीज त्याला तिथल्या काउंटेसने दिले. तिची चार वर्षांची धाकटी मुलगी याने मांडीवर खेळवलेली. तीच युजेनी १८५३ साली तिसऱ्या नेपोलियनशी लग्न करून फ्रान्सची सम्राज्ञी झाली, आणि त्याच वर्षी मेरिमे सिनेटर झाला. दरबारात त्याची ऊठबस वाढली. वशिल्याचा सिनेटर म्हणून शत्रूही वाढले.

पण त्याच्या आदल्या वर्षी तो तुरुंगात जाऊन आला होता! लिब्री नावाचा एक इटालियन गणिती पॅरिसमध्ये नावारूपाला आला होता. सरकारी ग्रंथालये तपासण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि तपासता तपासता त्याने मौल्यवान हस्तलिखिते लांबवली, असा आरोप झाला. तो लंडनला पळाला; १८५० मध्ये गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मेरिमे मित्राच्या बाजूने उभा राहिला आणि १८५२ साली एका मासिकात न्यायालयाचे वाभाडे काढले. त्याबद्दल त्याला एक हजार फ्रँक दंड आणि पंधरा दिवसांची कैद झाली. त्याच सुमारास आईही गेली. ज्या काँसिएर्जरीत त्याने कैद भोगली, ती मूळची राजवाड्याची मध्ययुगीन वास्तू. लिब्री खरोखरच चोर होता, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. देशाचा ठेवा राखणाऱ्या माणसाने देशाचा ठेवा चोरणाऱ्याची पाठराखण केली, आणि तीही स्वतःची झळ सोसून. मैत्रीपुढे पारख आंधळी झाली असेल. किंवा सरकारी तपासणीवर त्याचा आतून फारसा विश्वास नसेल. माझे मत पहिल्याकडे झुकते.

१८६० साली त्याने निरीक्षकाचे पद सोडले. दमा जडला होता. हिवाळे तो दक्षिणेला कानला काढी. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध जुंपले आणि साम्राज्य कोसळू लागले, तेव्हा हा आजारी म्हातारा सम्राज्ञीच्या वतीने तिएरकडे रदबदलीला गेला. छत्तीस वर्षांपूर्वी त्याला नेमणारा हाच तिएर. उपयोग झाला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला साम्राज्य गेले, आणि २३ तारखेला कानमध्ये मेरिमेही. ६७ पुरे व्हायला पाच दिवस कमी होते.

पुढल्या मे महिन्यात पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या धुमश्चक्रीत र्‍यू द लिल हा रस्ता पेटला. मेरिमेचे राहते घर त्याच रस्त्यावर. त्याची पुस्तके, टिपणवह्या, त्याला आलेली पत्रे, सगळे जळाले. वाचले ते त्याने मंत्रालयाला पाठवलेले रिपोर्ट आणि मित्रमैत्रिणींना लिहिलेली पत्रे, कारण ती दुसऱ्यांच्या घरी होती.